गुत्तेदार म्हणतो, सगळ्या गावात रिंगा अशाच असतात

प्रश्न: औसा तालुक्यात आमचं दोन मजली आरसीसी घर चालूय. गुत्तेदार कॉलमच्या रिंगांची, म्हणजे उभ्या सळयांभोवती बांधायच्या आडव्या सळयांची, टोकं नुसती काटकोनात वाकवतो. सातव्या दिवशी सेंट्रिंग खोलू म्हणतो. चालंल का?

उत्तर: रिंगांचं अजिबात चालणार नाही भाऊ. आयएस १३९२० हा भूकंपासाठीचा कोड, म्हणजे बांधकामाचे सरकारी मानक नियम आहेत, त्यात टोक १३५ अंशात म्हणजे कॉलमच्या पोटात वळवायचं आणि वळणापुढं सळई कमीत कमी ६५ मिमी ठेवायची असं सांगितलंय. कारण साधंय, हादरा बसला की आधी बाहेरचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुटतं, मग काटकोनातलं टोक उघडतं, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात, मग कॉलममध्ये राहतंय काय. १९९३ ला किल्लारी हादरली तेव्हा आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये धरलेला होता, २००२ च्या कोडात तो झोनच काढून टाकला आन किल्लारी भाग झोन तीनमध्ये घेतला. तिथं पडली ती बहुतेक दगडमातीची घरं, म्हणून 'आपलं तर आरसीसीय' म्हणत निवांत झोपणाऱ्यांचं मला नवल वाटतं, सळई असून रिंग उघडी असली तर काय उपयोग!

सेंट्रिंगचं म्हणाल तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडाप्रमाणं साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी काढता येतात, गाळा त्याच्यापेक्षा मोठा असला तर १४ दिवसांनी, आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ दिवस हलवायचे नाहीत. पण हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे. गोणीवर पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं सिमेंट) लिहिलेलं असलं तर ते हळू घट्ट होतं, टेकू जास्त दिवस ठेवा, आणि पाणी मारणं कमीत कमी १० दिवस, जमलं तर १४.

तुम्ही विचारलं नाही पण मिक्सरपाशी उभं राहाच. एम २० या ताकदीच्या काँक्रीटला सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीमागं पाणी साडेसत्तावीस लिटर, त्यात ओल्या वाळूतलं पाणीबी आलं. माल सरकंना म्हणून मिस्त्री अजून बादली ओततो तिथंच ताकद जाते, त्यापरीस व्हायब्रेटर लावायला सांगा. कॉलमला ४० मिमीचे कव्हर ब्लॉक बांधलेत का तेबी बघा, खडीचे तुकडे घुसडू देऊ नका.

रिंगा कॉलमला बॉक्स लागायच्या आधीच बदलून घ्या, गुत्तेदार कुरकुरला तर मजुरी जास्तीची द्या पण घ्याच.