लॅपटॉप थांबेल, तिसरा हप्ता थांबवा

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४४, एमआयडीसीतल्या खासगी कंपनीत अकाउंट्सला नोकरी, हातात पगार ५४ हजार. घरखर्च ३२ हजार, घराच्या कर्जाचा हप्ता ८ हजार. पत्नी घर सांभाळते, धाकटा मुलगा आठवीत. थोरल्या मुलीला पुण्यात आर्किटेक्चरला कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश मिळालाय. फी वर्षाला १ लाख ६० हजार, हॉस्टेल आणि मेस धरून आणखी लाखभर.

त्यांचा प्रश्न लॅपटॉपचा आहे. दुकानात दोन पाहिले. एक ७८ हजारांचा, वजन २.३ किलो. दुसरा १ लाख १२ हजारांचा, दीड किलोच्या आसपास, दिसायला देखणा. दोन्हींत ग्राफिक्स आरटीएक्स ४०५०. मुलीला हलका हवाय. दुकानदार बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय देतोय, वर नऊ हजारांची वाढीव वॉरंटी. कुठला घ्यावा, आणि ईएमआय करावा की एफडी मोडावी?

पत्राच्या शेवटी मात्र ही ओळ आहे: ‘शिक्षणाच्या पैशांची काळजी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये जमिनीचे सात लाख आले, तेव्हा बँकेतल्या साहेबांनी एफडीसारखीच पण जास्त फायद्याची योजना मुलीच्या नावावर करून दिली. वर्षाला दीड लाख, दहा वर्षं भरायचे, पंधरा वर्षांनी २४ लाख हमखास. दोन हप्ते गेले, तिसरा पुढच्या महिन्यात आहे. उरलेले चार लाख एफडीत आहेत.’ सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो.

लॅपटॉपचं उत्तर देतो, पण शेवटी. आधी हा फोटो.

ही योजना एफडी नाही. ती विमा पॉलिसी आहे, आणि ‘मुलीच्या नावावर’ याचा अर्थ तुम्ही समजलात तो नाही. विमा मुलीच्या आयुष्यावर उतरवलाय, १५ लाखांचा. तुम्ही फक्त हप्ते भरणारे. अठरा वर्षांच्या मुलीच्या कमाईवर घरात कुणीही अवलंबून नाही. अवलंबून आहेत ते सगळे तुमच्यावर, आणि तुमच्या आयुष्यावर विमा आहे तो कंपनीच्या ग्रुप पॉलिसीचा, तुम्हीच लिहिलंय, तीन लाखांचा. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर या पॉलिसीतून घरी एक रुपया येणार नाही. उलट राहिलेले हप्ते भरायला कुणीतरी लागेल, कारण पालक गेल्यावर हप्ते माफ करणारा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा कलम, फोटोतल्या पानावर दिसत नाही. ज्या माणसाने हे विकलं, त्याने तुमच्या घरात कमावतं कोण एवढाही विचार केला नाही. अशी पत्रं नेहमी येतात आणि प्रत्येक वेळी तितकाच राग येतो.

आता मुदत पाहा. २४ लाख मिळणार २०३९ मध्ये. तेव्हा मुलगी ३१ वर्षांची असेल. तिचं आर्किटेक्चर पाच वर्षांत, २०३१ ला संपेल. फीचे पैसे आज लागतात, पुढच्या वर्षी लागतात आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. शिक्षण संपल्यावर आठ वर्षांनी येणारी रक्कम म्हणजे शिक्षणाची सोय नव्हे.

परतावाही बघू. दहा वर्षांत १५ लाख भरून पंधराव्या वर्षी २४ लाख, म्हणजे वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास. तेच दीड लाख दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकून पंधराव्या वर्षापर्यंत ठेवले असते, तर आजच्या ७.१ टक्क्यांनी साधारण ३१ लाख झाले असते. तितकीच वर्षं, तितकीच रक्कम, सरकारची हमी, करही नाही. फरक सात लाखांचा. तुमच्या जमिनीचे आले होते तेवढेच.

आणि तुमचं घर हा हप्ता पेलू शकत नाही. ५४ मधून ४० गेले, महिन्याला १४ हजार उरतात, वर्षाला १ लाख ७० हजार धरू. त्यातून दीड लाखांचा हप्ता गेला की हातात २० हजार. मुलीचा खर्च २ लाख ६० हजार. दर वर्षी २ लाख ४० हजारांची तूट. चार लाखांची एफडी दुसरं वर्ष संपायच्या आत संपते आणि मुलीची तीन वर्षं अजून बाकी असतात. हे गणित मांडायला दोन मिनिटं लागतात, पण हप्ते ठरवताना ते कुणीच मांडलं नाही.

म्हणून तिसरा हप्ता भरू नका.

‘दोन हप्ते गेलेत, आता सोडलं तर नुकसान’ असं तुम्हाला बँकेत सांगतील. नुकसान झालंच आहे, पण पुढचे १२ लाख घालून ते भरून निघत नाही. दोन हप्ते भरल्यामुळे पॉलिसी पेड-अप करता येईल, म्हणजे पुढे काही न भरता ती कमी रकमेवर चालू राहील. दहापैकी दोन हप्ते भरलेत, तेव्हा २४ लाखांच्या हिशेबाने जास्तीत जास्त ४ लाख ८० हजार. वाढीचे फायदे कापले जात असतील तर कमी. चार धरा. मग उरलेले आठ हप्ते भरून तुमच्या पदरात जास्तीचे किती पडतात? २० लाख. तेच १२ लाख त्याच तारखांना पीपीएफमध्ये गेले तर साधारण २३ लाख. म्हणजे आजपासून नव्याने हिशेब केला तरी पॉलिसी हरते.

दुसरा मार्ग सरेंडरचा, म्हणजे पॉलिसी मुदतीआधीच बंद करून मिळतील ते पैसे घेण्याचा. तुमची पॉलिसी ऑक्टोबर २०२४ च्या आधीची, म्हणजे सरेंडरचे नवे, बरे नियम येण्यापूर्वीची. तीन लाख भरलेत, त्याचे किमान तीस-पस्तीस टक्के, लाखभर रुपये मिळतील. पेड-अप ठेवायची की सरेंडर करायची हे अंदाजाने ठरवू नका. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केल्यास किती, आणि पेड-अप केल्यास २०३९ ला किती. आजचे लाख रुपये सात टक्क्यांनी तेरा वर्षांत साधारण अडीच लाख होतात. पेड-अपचा आकडा त्याहून मोठा असेल तर कागद कपाटात ठेवून द्या, लहान असेल तर लाख रुपये घ्या आणि मोकळे व्हा.

हे आकडे बँकेतल्या साहेबांकडे मागू नका, थेट कंपनीच्या शाखेत जा किंवा ईमेल करा. आणि हप्ता खात्यातून आपोआप कापला जाण्याची जी मंजुरी तुम्ही दिली होती, ती बँकेत लेखी अर्ज देऊन आजच रद्द करा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. नाहीतर आकडे यायच्या आत दीड लाख गेलेले असतील.

‘एफडीसारखी’ असं सांगून विमा विकणं ही तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करून पैसे मागता येतात, तुमची ती मुदत कधीच गेली. पण तेव्हाचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश, पेन्सिलीने आकडे मांडलेला कागद, काहीही जपलं असेल तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्यातल्या विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. पैसे परत मिळतीलच असं धरून मात्र एकही बेत आखू नका.

तुमच्या आयुष्यावरचा विमा या महिन्यात घ्या. साधा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, ७५ लाखांचा, वयाच्या साठीपर्यंत. परत काही मिळत नाही म्हणून लोक नाक मुरडतात, पण तुमच्यामागे तिघांना दहा-बारा वर्षांचा पगार देणारी दुसरी कुठलीही वस्तू एवढ्या पैशांत मिळत नाही. तब्येत धडधाकट आणि तंबाखू नसेल तर वर्षाला वीस-पंचवीस हजारांच्या आसपास. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही गेलाय. बीपी, शुगर, तंबाखू, जे असेल ते फॉर्मवर खरं लिहा. एजंट ‘नाही लिहा’ म्हणाला तरी खरंच लिहा, कारण क्लेमच्या वेळी तो एजंट तुमच्या पत्नीसोबत उभा राहणार नाही.

आणखी एका गोष्टीचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. तुम्ही लिहिलेल्या पगारावरून कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत दिसतं आणि प्रवेश कॅपमधून आहे. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांच्या आतल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुम्ही कुठल्या गटात येता ते लिहिलेलं नाही. बसत असाल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि गटाचं प्रमाणपत्र काढा, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरा आणि कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन बसा. पाच वर्षांचे सात-आठ लाख वाचू शकतात. लॅपटॉपवर तुम्ही ३४ हजारांचा घोळ घालताय आणि हा अर्ज राहून गेला तर फार वाईट वाटेल.

माफी बसली नाही, तर हप्ता थांबवूनही टर्मचे पंचवीस हजार धरून वर्षाला लाखाहून थोडी जास्त तूट राहते. त्यासाठी एफडी तळापर्यंत खरवडू नका, दीड-दोन लाख अडीनडीला ठेवा आणि उरलेल्याला शैक्षणिक कर्ज घ्या. साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं. अभ्यासक्रमाला लागणारा संगणकही त्यात बसतो, फक्त कॉलेजचं पत्र आणि दुकानाचं कोटेशन लागतं.

आता लॅपटॉप. दोन्हींपैकी कुठलाच आज घेऊ नका. आर्किटेक्चरचं पहिलं वर्ष बहुतेक कॉलेजांत हाताचं असतं: ड्रॉइंग बोर्ड, शीट, पेन्सिल, मॉडेलचा पुठ्ठा आणि कटर. त्यावरच या वर्षी बराच पैसा जाईल. सॉफ्टवेअर जोरात सुरू होतं ते साधारण दुसऱ्या वर्षी, आणि मोठं रेंडरिंग, म्हणजे आराखड्यावरून इमारतीचं हुबेहूब चित्र संगणकावर तयार करणं, तिसऱ्या-चौथ्या वर्षी. आज घेतलेल्या मशीनची वॉरंटी नोट्स काढण्यात संपते आणि थीसिसच्या वर्षी ते पाच वर्षांचं म्हातारं झालेलं असतं. वर्षभरात किंमत थोडी वर गेली तरी थांबणंच फायद्याचं. वरच्या वर्गातल्या मुलांना विचारू दे तिला, कॉलेजची लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते आणि कुठलं सॉफ्टवेअर शिकवतात. कॉलेजने पहिल्या सत्रातच लॅपटॉप सक्तीचा केला असेल, तरच पुढचं या वर्षी लागू.

तेव्हाही घ्यायचा तो ७५ ते ८५ हजारांतला. १ लाख १२ हजारांचा नको. ग्राफिक्सचं नाव दोन्हीकडे एकच असलं तरी काम एकसारखं होत नाही. आरटीएक्स ४०५० ही चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत चालवता येते आणि पातळ मशीनमध्ये उष्णता बाहेर पडायला जागा नसल्यामुळे ती बहुधा कमी वॅटवर बांधलेली असते. म्हणजे ३४ हजार जास्त देऊन रेंडर हळू. शिवाय अशा सडपातळ मशीनमध्ये रॅम बऱ्याचदा बोर्डवरच डकवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. तुम्हाला १६ जीबी आणि वाढवायची सोय असलेली हवी. चिपचे वॅट किती आणि रॅमचा स्लॉट मोकळा आहे का, हे दोन प्रश्न विचारा. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल नंबर टाकून पाहा. पडदा रंगांना चांगला हवा, शंभर टक्के एसआरजीबी (पडदा किती रंग दाखवतो याचं माप) लिहिलेला. स्वस्त गेमिंग मशीनमध्ये काटछाट इथेच करतात आणि प्रेझेंटेशनच्या शीटवर ती दिसते.

वजनाबद्दल मुलीचं म्हणणं मी झटकत नाही. २.३ किलो आणि वर चार्जरची वीट, तीन किलोच्या घरात जातं, आणि पाठीवर शीटची नळीही असते. पण रेंडर होणार हॉस्टेलच्या टेबलावर, प्लग लावून. ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या, दिवशी न्यावा लागेल, रोज नाही. दोन किलोच्या आसपासचा ४०५० मिळाला तर दोन-चार हजार जास्त द्यायला हरकत नाही. सव्वा किलोचा, साध्या ग्राफिक्सचा किंवा मॅकबुक एअर घ्यावा असं कुणी सुचवेल. रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स आणि ल्युमिऑन ही आर्किटेक्चरची तिन्ही सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतात, म्हणून मॅक नको.

नो-कॉस्ट ईएमआयवर व्याज असतंच, ते किमतीत सूट म्हणून वळतं केलेलं असतं. १ लाख १२ हजारांवर आठ-नऊ हजारांचं व्याज, त्यावरचा दीड हजार जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्या खिशातून. शिवाय रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळते ती हुकते. महिन्याला १४ हजार उरणाऱ्या घरात ९ हजारांचा हप्ता वर्षभर बसवायचा नाही. सरेंडरचे पैसे आले तर त्यातून घ्या, नाहीतर शैक्षणिक कर्जात बसवा. एफडीला हात सगळ्यात शेवटी.

दुकानाची नऊ हजारांची वॉरंटी नको. उत्पादक कंपनीचीच वाढीव वॉरंटी पहिल्या वर्षात कधीही घेता येते का ते बघा, आणि हॉस्टेलला राहणार म्हणून पडझडीचं संरक्षणही तिच्याकडूनच. दुकानदार ‘सगळी सॉफ्टवेअर टाकून देतो’ म्हणून तीन-चार हजार मागेल, तेही देऊ नका. ऑटोकॅड, रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना फुकट देते. कॉलेजमध्ये शिकत असल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, ते मुलगी स्वतः करू शकेल.