एफडी मोडून दहा सानेन शेळ्या घेऊ का?

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही हडपसरला राहता, घराचा हप्ता धरून महिन्याला ६५ हजार जातात, हाताशी ६ लाखांची एफडी आहे, सासवडजवळ वडिलांची दोन एकर आणि १४ संगमनेरी शेळ्या आहेत, आणि परराज्यातला एक फार्मवाला ४५ हजाराला एक अशा १० सानेन क्रॉस (सानेन या परदेशी दुधाळ जातीचा संकर) शेळ्या द्यायला तयार आहे. साडेचार लाख शेळ्यांचे, दीड लाखाचा शेड, म्हणजे एफडी साफ.

नका मोडू. शेळ्यांमधे पैसा नाही असं अजिबात म्हणत नाहीये, पण हा पैसा त्या कामाचा नाही. सहा महिन्यांचा खर्चच तुमचा ३ लाख ९० हजार होतो, आयटीत सध्या काय चाललंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, त्यामुळे ४ लाखांना हात लावायचाच नाही. उरले २ लाख, बोलायचं ते त्यावर.

आधी फार्मवाल्याचा हिशोब बघू, कारण तो कागदावर भारी दिसतो. १० शेळ्या, रोज ४ लिटर, ३६५ दिवस, ६० रुपये लिटर, झाले वर्षाला ८ लाख ७६ हजार. अहो पण शेळी म्हणजे नळ नाही. व्याल्यावर दीड-दोन महिन्यांनी दूध सगळ्यात जास्त येतं, मग उतरत जातं, पुढच्या वेताआधी ती आटवावी लागते, आणि पहिले दोन महिने तर करडंच पितात. समजा ती ४ लिटर खरंच वरच्या दिवसांत देते, तर अख्ख्या वेताची सरासरी मी निम्मीच धरेन, दिवस २००, म्हणजे ४,००० लिटर आणि २ लाख ४० हजार. त्यातून खुराक, रोज प्रत्येकी ७०० ग्रॅम आणि ३० रुपये किलो धरला तरी पाऊण लाखाच्या वर जातो, वर चारा, औषधं आणि माणूस. हे सगळं दूध विकलं गेलं तर! गावातली डेअरी गाय-म्हशीचं घेते, शेळीचं घेत नाही. तुम्ही लिहिलंय की कोथरूडचा एक दुकानदार १२० रुपयांनी मागतोय, पण कधी मागतोय ते बघा, पावसाळा संपता संपता डेंग्यूची साथ आली की अख्खं पुणं शेळीचं दूध शोधत फिरतं आणि डिसेंबरात कोणी विचारत नाही. (प्लेटलेट वाढतात याला ठोस पुरावा नाहीये, आणि कच्चं तर मुळीच देऊ नका कोणाला, ब्रुसेलाचे जंतू त्यातूनही माणसात येतात.)

आता मला तुमच्या मेलमधली आवडलेली ओळ. तुम्ही सहज लिहून गेलात, "बाबांची चंद्री नुसत्या चराईवर दीड लिटर देते, बाकीच्या पाऊण लिटरपर्यंत, तिचा बोकड बकरी ईदला चाकणच्या बाजारात सगळ्यात जास्त भावाने गेला." ताई, खरा तोटा इथे झालाय, एफडीत नाही. जो करडू सगळ्यात लवकर वाढतो, अंगाने भरतो, तोच दरवर्षी आधी विकला जातो आणि मागे जो उरतो तो कळपाचा बाप होतो. असं दहा वर्षं केलं की कळप उलटा सुधारतो. एक शेळी वर्षाला दोन-तीन करडं देते, पण बोकड २०-२५ शेळ्यांना पुरतो, म्हणून जुनी माणसं म्हणतात की बोकड म्हणजे अर्धा कळप. ४५ हजार घालायचेच तर इथे घाला.

चंद्रीचाच पुढचा बोकड तिच्याच मुलींवर मात्र सोडायचा नाही, आणि बापाला मुलीवर तर नाहीच, जवळच्या नात्यात करडं अशक्त निघतात, मरतात. तिचा बोकड शेजारच्या गावात कोणाला द्या, त्यांच्या चांगल्या शेळीचा तुम्ही घ्या, दर दोन वर्षांनी बदला. विकत घेताना त्याच्या आईचं दूध स्वतः उभं राहून दोन्ही वेळचं मोजा, किती दिवसांची व्यायलेली आणि कितव्या वेताची ते विचारा, नुसत्या मोबाईलमधल्या व्हिडिओवर पैसे देऊ नका. संगमनेरीवर राहुरीच्या कृषी विद्यापीठात काम चालतं, आणि फलटणची निंबकर संस्था शेळ्यांच्या कृत्रिम रेतनासाठी ओळखली जाते, दोन्हीकडे एकदा चक्कर मारा, बोकड न सांभाळता चांगलं रक्त आणता आलं तर ते स्वस्तच.

सानेनचा हट्ट असेल तर अर्ध्या रक्तापर्यंत (आई-बापातला एकच सानेन) ठीक. मूळची स्वित्झर्लंडची, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात सानेनचं रक्त जसं वाढत जाईल तशी सावली, पाणी, खुराक सगळंच जास्त लागतं. आणि भुंडा बोकड भुंड्या शेळ्यांवर सोडू नका, सानेनमधे बिनशिंगी आई-बाप दोन्ही असले की काही माद्या नर-मादीच्या मधल्या निघतात, कधीच गाभण राहत नाहीत. दोघांतल्या एकाला तरी शिंगं हवीत. हे विकणारा सांगणार नाही.

वेळेचं गणित मात्र नीट समजून घ्या. बोकड आज आणला, शेळी पाच महिने गाभण, मग मादी करडू वर्षाचं होईपर्यंत थांबायचं, मग परत पाच महिने, म्हणजे त्याच्या मुलीचं दूध बादलीत पडायला जवळपास दोन वर्षं. म्हणून २ लाख एकदम काढायचेच नाहीत, पहिल्या वर्षी बोकड, लसी (पीपीआर आणि आंत्रविषार या रोगांच्या चुकवू नका) आणि विमा मिळून ६० हजार, बाकीच्याच्या एक आणि दोन वर्षांच्या वेगळ्या एफड्या. दरवर्षी तळातल्या तीन शेळ्या काढायच्या आणि चांगल्या आयांच्या चार माद्या ठेवायच्या.

विम्यावरून आठवलं, माझ्या मामाचा क्लेम फेटाळला गेला कारण शेळीच्या कानातला बिल्ला गळून पडला होता आणि तो मामाने जपून कपाटात ठेवला होता. बिल्ला पडला की त्याच दिवशी कळवा.

फार्मवाला म्हणतो ५० टक्के सबसिडी आहे, तर ती केंद्राची योजना १०० शेळ्या आणि ५ बोकडांपासून सुरू होते, १० ला नाही. राज्याची १० शेळ्या आणि १ बोकडवाली आहे, ती बाबांच्या नावाने पंचायत समितीत विचारा. आणि हो, शेळीचं उत्पन्न शेतीचं म्हणून टॅक्स फ्री धरू नका, ते व्यवसायात मोजलं जातं.

चंद्री पुढच्या महिन्यात व्यायणार म्हणता ना, तर हुकवाला डिजिटल काटा आणि एक शंभर पानी वही या रविवारी सासवडला देऊन या. सगळ्या चौदा जणींचं दूध महिन्यातून एक दिवस, सकाळ-संध्याकाळ, करडं आदल्या रात्री वेगळी बांधून. तीन महिन्यांची पानं झाली की फोटो पाठवा, बोकडाला किती मोजायचे ते तेव्हा बोलू.