जवान सीमेवर असताना युद्धावर प्रश्न विचारणं देशद्रोह आहे का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मित्राने 'ही लढाई खरंच गरजेची होती का' एवढंच विचारलं. त्यावर 'आपली पोरं तिकडे जिवावर उदार होऊन लढतायत आणि तू इथे बसून शंका काढतोस' म्हणून त्याला ग्रुपमधून काढलं. हे बरोबर झालं का आणि जवान धोक्यात असताना गप्प बसणं हीच देशभक्ती का, असा तुमचा प्रश्न.

मी उत्तर देतेय ते फौजीची मुलगी म्हणून. त्यामुळे मला यातलं जास्त कळतं असं मुळीच नाही. पण या भांडणात 'जवानांच्या घरच्यांना काय वाटत असेल' हे वाक्य दर वेळी भलताच कुणीतरी आमच्या वतीने बोलतो. म्हटलं, एकदा घरचंच माणूस बोलू दे.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, कोरेगावच्या बाजूचं. आमच्याकडे मिलिट्री ही नोकरी कमी आणि घरची रीत जास्त. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं कामी आली, त्यांचा स्तंभ गावात आहे. आमचं गाव काही तेवढं नावाजलेलं नाही, तरी घराघरात देवाच्या फोटोशेजारी टोपीतला फोटो असायचाच.

१९८७ च्या शेवटी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पलटण श्रीलंकेत गेली, शांतिसेनेत. जुलैमध्ये राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला होता. आपल्या फौजेने तिथल्या तमिळ बंडखोरांची हत्यारं जमा करून घ्यायची आणि माघारी यायचं, असा हिशोब. ऑक्टोबरपासून त्याच बंडखोरांच्या एलटीटीई या संघटनेशी आपली लढाई जुंपली. शांतता राखायला गेलेली माणसं जाफन्याच्या गल्ल्यांमध्ये सुरुंगांवर पाय पडून मरायला लागली. मी तेव्हा सहावीत. अण्णांचं आंतरदेशीय पत्र कधी पंधरा दिवसांनी यायचं, कधी दीड महिन्याने. त्यात ठरलेली वाक्यं : 'मी खुशाल आहे, म्हशीचं काय केलं, पोरीची फी भरा.' पोस्टमन दारावरून न थांबता पुढे गेला की आई त्या दिवशी कुणाशी बोलायची नाही. आणि थांबला तरी, हातात पत्र आहे की तार, हे दिसेपर्यंत तिचा श्वास अडकलेला असायचा.

आजीचं तसं नव्हतं, ती बोलायची. १९८८ च्या पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाला तालुक्याचे एक पुढारी आले होते. भाषणात त्यांनी श्रीलंकेचा विषय काढला. म्हणाले, प्रभू रामचंद्रांनंतर लंकेत जाणारे आपले हे वीर, या गावाची पोरं, वगैरे. टाळ्या पडल्या. आजी बायकांच्यात बसली होती. तिथूनच तिने विचारलं, "रामाची शीता न्हेली हुती रावणानं. आपलं काय न्हेलंय वो तितल्या लोकांनी?"

पोरं हसली. मास्तरांनी डोळे वटारले. पुढारी काहीतरी शेजारधर्म, शांतता असं बोलायला लागले, तर आजी परत, "मंग माझं प्वार तितं कवापत्तुर ठिवणार, त्येवढं तरी सांगा."

आता तुमच्या ग्रुपच्या नियमाने पाहिलं, तर ऐन लढाईत, जवान धोक्यात असताना, स्वातंत्र्यदिनी, तिरंग्याखाली बसून सरकारच्या युद्धावर टीका करणारी ही बाई देशद्रोही ठरते. फक्त तिचा मुलगा त्याच युद्धात होता. तिला गप्प बसवायला एकाचीही जीभ उचलली नाही, ती केवळ त्या मुलामुळे. शेजारच्या बिनफौजी घरातल्या म्हातारीने हेच विचारलं असतं तर तिला बसवली असती का? बहुतेक हो. पण प्रश्न तर तोच होता ना!

त्या सभेत एक पेन्शनर सुभेदार होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले. ते उठून म्हणाले, "म्हातारीचं बराबर हाय. ह्ये न्हाई इचारायचं तर काय इचारायचं?" पुढाऱ्यांनी मग भाषण आवरतं घेतलं.

या सुभेदारांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण साताऱ्यात हा पेच नवा नाही. ते इंग्रजांच्या फौजेत इटलीत होते तेव्हा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ इथे प्रतिसरकारच्या भूमिगतांना रात्री भाकरी पोचवत होता. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चालवलेलं भूमिगत सरकार, १९४३ ते ४६ याच मुलखात चाललं. तेव्हा सांगलीकडचा बराच भागही सातारा जिल्ह्यातच होता. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ या भूमिगतांनी पगाराची रेल्वे लुटली. गांधीजींचा 'चले जाव' हा ठरावच मुळी ऑगस्ट १९४२ चा, जपानी फौजा ब्रह्मदेशात येऊन ठेपल्या होत्या तेव्हाचा. इंग्रज म्हणत, ऐन युद्धात पाठीत सुरा खुपसला. त्याच वेळी साताऱ्याची हजारो पोरं आफ्रिकेत, इटलीत, ब्रह्मदेशात गोळ्या खात होती. ज्या युद्धाला धाकटा भाऊ 'इंग्रजाची लढाई' म्हणत होता, त्यातच थोरला भाऊ होता. थोरल्याचा पगार घरी यायचा आणि त्याच पैशाच्या ज्वारीची भाकरी धाकटा भूमिगतांना नेऊन द्यायचा. पुढे एकाला मिलिट्रीची पेन्शन लागली, दुसऱ्याला स्वातंत्र्यसैनिकाची. दोघं एकाच एसटीने पैसे आणायला जायचे आणि येताना कंदी पेढे कुणी घ्यायचे यावर भांडायचे. कोण जास्त देशभक्त, यावर मात्र भांडलेले मला आठवत नाहीत.

'तो काळ पारतंत्र्याचा, तेव्हा सरकार परकं होतं' असं कुणी म्हणेल. ठीक. मग १९६२ घ्या.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. आपले जवान बर्फात सुती कपड्यांवर, कापडी बुटांत, जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन उभे होते. हे कुणी बोलायचं? आणि कधी? अटलबिहारी वाजपेयी तेव्हा राज्यसभेत तरुण खासदार होते. त्यांनी लढाई चालू असतानाच संसदेचं अधिवेशन बोलवा अशी मागणी केली, आणि नेहरूंनी ८ नोव्हेंबरला ते बोलावलं. बैठक गुप्त ठेवा अशीही सूचना आली होती, ती नेहरूंनी मानली नाही. सीमेवर माणसं पडत होती आणि दिल्लीत खासदार उघडपणे सरकारला धारेवर धरत होते. त्याच संसदेने १४ नोव्हेंबरला आक्रमकाला हाकलून लावण्याचा ठरावही केला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तर त्याआधीच जावं लागलं होतं, आणि त्यांच्यामागे लागलेल्यांत विरोधकांइतकेच काँग्रेसचे स्वतःचे खासदार होते.

मेनन गेले म्हणून जागा रिकामी झाली. त्या जागेवर कोण गेलं, हे साताऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आमच्या कराडचे यशवंतराव चव्हाण. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य इथे प्रत्येक भाषणात येतं, छाती फुगवून येतं. मला गंमत वाटते ती याची, की सह्याद्रीला धावायला वाट ज्यांनी करून दिली ते सगळे ऐन युद्धात टीका करणारेच होते. सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं असतं तर मेनन राहिले असते. आणि जवानांचे बूट? त्यांचं काय झालं असतं ते तुम्हीच ठरवा.

'बोला की, पण युद्ध संपल्यावर बोला' असंही सांगतात. ऐकायला शहाणपणाचं आहे. पण १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ मध्ये तयार झाला. यशवंतरावांनी त्यातला मोजका भाग संसदेत सांगितला, बाकीचा सरकारने आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही. साठ वर्षं उलटली. संपल्यावर म्हणजे नेमकं कधी?

आता दुसरी बाजू. टीकेने लागतं का? लागतं. आमच्या घरात लागलेलं आहे.

अण्णा १९८९ मध्ये सुट्टीवर आले तेव्हा पाराजवळ एकाने सहज विचारलं, "काय हवालदार, काय दिवे लावले तिकडं? पोरं मारून घेतली नुसती." अण्णा काही बोलले नाहीत. घरी आले आणि अंधार पडेपर्यंत गोठ्यात बसून राहिले. शब्द पाहिले तर त्या माणसाचा मुद्दा आजीच्याच जवळचा होता, पण आजीने तो व्यासपीठाकडे तोंड करून विचारला होता. यानं विचारला तो त्या माणसाला, ज्याला हुकूम मिळाला म्हणून तो गेला होता आणि ज्याच्या कंपनीतले सहा जण परत आले नव्हते.

पुढे मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी बोटीने मद्रासला उतरली. या मोहिमेत आपले सुमारे १२०० जवान कामी आले होते. तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत, आपल्याच तमिळ भावांना मारून आलेल्या फौजेचं स्वागत नाही, अशी त्यांची भूमिका. पेपरात ते वाचून अण्णा एवढंच म्हणाले, "भांडण दिल्लीशी हुतं. बोटीतनं उतरणाऱ्या पोरांशी काय हुतं?" अण्णांना श्रीलंकेच्या युद्धाबद्दल विचाराल तर आजही ते आजीपेक्षा कडक बोलतील. पण ते स्वागत ते विसरलेले नाहीत.

त्यामुळे मला विचाराल तर मी दोनच गोष्टी बघते. टीका करणाऱ्याचं तोंड कुणाकडे आहे, पाठवणाऱ्याकडे की गेलेल्याकडे? आणि तो जे बोलतोय त्याने तिथल्या माणसाचा जीव खरोखर जास्त धोक्यात येतो का?

दुसऱ्या मुद्द्यावर तर उलटाच अनुभव आहे. २६/११ ला कमांडो कुठून उतरतायत हे आपली चॅनेलं थेट दाखवत होती आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार ते बघून आतल्यांना फोनवर सांगत होते. पुढे कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल चॅनेलांना झापलं. त्या चॅनेलांवर त्या रात्री युद्धाच्या विरोधात एक शब्द नव्हता, देशभक्तीच ओसंडून वाहत होती. मे २०२५ मधली पाकिस्तानशी झालेली लढाई घ्या. माझा भाचा तेव्हा सीमेवर होता, त्याचा फोन चार दिवस बंद. इथे टीव्हीवर कराची बंदर उद्ध्वस्त झालेलं, तेही खोटंच, आणि आमच्या भावकीतल्या एकाने भाच्याचा वर्दीतला फोटो, पलटणीचं नाव आणि सेक्टर यांसकट स्टेटसला ठेवलेला, खाली 'आमचा वाघ' आणि तीन झेंडे. भाचा नंतर सुट्टीवर आला तेव्हा युद्धाच्या विरोधात कोण काय बोललं याची त्याने चौकशीही केली नाही. तो चिडला तो त्या स्टेटसवर. "मावशी, ह्यांना सांग गं, माझा पत्ता तरी छापू नका."

आणि १० मेला शस्त्रसंधी झाली तेव्हा शिव्या कुणाला पडल्या? परराष्ट्र सचिव विक्रम मिस्रींना, त्यांच्या घरच्यांनाही. लढाई थांबली, भाचा सुखरूप राहणार म्हणून माझी बहीण देवापुढे साखर ठेवत होती आणि ज्यांच्या घरातलं कुणीच तिकडे नव्हतं त्यांना ती फार लवकर थांबल्याचं दुःख होतं.

एक कबूल करते. त्या चार दिवसांत टीकेचं एखादं पोस्ट दिसलं की मलाही राग यायचा, ते पटलं तरी यायचा. बहिणीने तर ग्रुप म्यूटच करून टाकले होते. भीती पोटात असताना माणसाला युक्तिवाद नको असतो. तेव्हा ज्यांच्या ग्रुपवर फौजीच्या घरचं कुणी असेल त्यांनी जरा वेळकाळ बघावी, सांत्वनाच्या मेसेजखाली वाद घालू नये. ही माणुसकीची गोष्ट झाली, तिला देशद्रोहाचं कलम लावायचं कारण नाही. सैनिकाला मुद्दाम हिणवणं, त्याच्या मरणावर विनोद करणं, शत्रूच्या बाजूच्या थापा माहीत असून पसरवणं, हे करणाऱ्याला मात्र मीही दारात उभं करणार नाही.

तुमच्या मित्राने यातलं काही केलेलं दिसत नाही. त्याने आजीचाच प्रश्न विचारला. त्याला परत घ्या ग्रुपवर. आणि तुमच्यातलं कुणी भावाच्या, भाच्याच्या पलटणीचं नाव अजून स्टेटसला ठेवून बसलं असेल, तर आज संध्याकाळी आधी त्याला फोन करा.