भाडं येतंय, मग भाव का पडला?

निवृत्तीच्या आसपासची माणसं हल्ली मला एक प्रश्न हमखास विचारतात. "रीटमध्ये दर तिमाहीला डिव्हिडंड येतो म्हणे. एफडी मोडून त्यात टाकू का?" रीट म्हणजे भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारतींत अनेकांनी मिळून पैसे गुंतवायची सोय. विचारणाऱ्याला उत्तर हो किंवा नाही असं हवं असतं. तेवढ्यावर मी कधीच भागवत नाही, कारण प्रश्नातला 'डिव्हिडंड' म्हणजे नक्की काय येतंय, हेच बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. एका जोडप्याबरोबर हा विषय मुळापासून बोलला गेला. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, तो इथे मांडते.

काका डोंबिवलीचे. खासगी कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे पेन्शन म्हणजे ईपीएसचे महिना तीन हजार. काकू बासष्ट वर्षांच्या, अनेक वर्षं घरी शिकवण्या घेतलेल्या. शिकवणीच्या पैशांतून त्यांनी पूर्वी एक छोटा गाळा घेतला होता. भाडेकरू सोडून गेला, सात महिने गाळा रिकामा राहिला, मालमत्ता कर आणि सोसायटीचं मेंटेनन्स मात्र चालूच. शेवटी कंटाळून विकला. कर भरून हातात आलेले 38 लाख एफडीत पडून होते. काकांचे 30 लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत होते, आणखी 9 लाख वेगळ्या एफडीत.

त्याआधी मुलाच्या सांगण्यावरून काकांनी ऑफिस इमारतींच्या एका रीटची 3,000 युनिट 340 रुपयांनी घेतली होती. म्हणजे 10 लाख 20 हजार. तिमाहीला युनिटमागे साडेपाच रुपये आले, तीन तिमाह्या न चुकता आले, आणि काका खूष झाले. गाळ्याचे 38 लाखही त्यातच घालायचे असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. काकूंना मात्र झोप लागेना. डीमॅटमध्ये 340 चा भाव 305 दिसत होता.

"मॅडम, दर तिमाहीला सोळा हजार येतात आणि तिकडे लाखभर कमी झालेत. हा कसला हिशोब?" काकू म्हणाल्या.

"अगं, भाव वरखाली होतो. भाडं येतंय ना?" इति काका.

दोघांचंही निम्मं बरोबर होतं.

रीट म्हणजे भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती एका ट्रस्टखाली आणायच्या आणि त्या ट्रस्टची युनिट शेअर बाजारात विकायची. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने याचे नियम 2014 मध्ये केले. पहिलं रीट, एम्बसी, एप्रिल 2019 मध्ये बाजारात आलं. त्यानंतर 2020 मध्ये माइंडस्पेस, 2021 मध्ये ब्रुकफील्ड, 2023 मध्ये मॉलवालं नेक्सस आणि 2025 मध्ये नॉलेज रिअल्टी. ऐरोलीच्या काचेच्या इमारती काकांनी जाता-येता पाहिलेल्या होत्या. त्या माइंडस्पेसच्या मालकीत मोडतात हे कळल्यावर त्यांना विषय एकदम ओळखीचा वाटू लागला. सुरुवातीला किमान दोन लाख लागायचे, 2021 पासून बाजारात एक युनिटसुद्धा घेता येतं. किमान 80 टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेली आणि भाडं देणारी हवी, कर्ज मालमत्तेच्या किमतीच्या 49 टक्क्यांवर जाता कामा नये, आणि वाटण्याजोग्या रोख रकमेतले किमान 90 टक्के युनिटधारकांना द्यावेच लागतात.

हा शेवटचा नियम काकांना तोंडपाठ होता. पण नव्वद टक्के कशाचे? जी रोकड हातात उरेल तिचे. साडेपाच रुपये मिळतीलच असं वचन कुठल्याही कागदावर नाही. दोन मोठे भाडेकरू गेले किंवा कर्जाचं व्याज वाढलं, तर उरणारी रोकडच घटते, आणि घटलेल्या रकमेचे 90 टक्के तुमच्या हाती येतात.

मग मी त्यांना वितरणाची चिठ्ठी काढायला सांगितली. प्रत्येक वितरणानंतर ती ईमेलवर येते. काकांनी एकदाही उघडली नव्हती. माझ्याच टेबलावर त्यांच्या मोबाइलमध्ये आम्ही ती वाचली. युनिटमागे व्याज 90 पैसे, डिव्हिडंड 2 रुपये 10 पैसे, आणि कर्जाची परतफेड 2 रुपये 50 पैसे. तीन हजार युनिटांवर व्याज 2,700, डिव्हिडंड 6,300 आणि परतफेड 7,500, एकूण 16,500. व्याजावर 10 टक्के टीडीएस कापून बँकेत 16,230 जमा.

काकूंनी मोबाइल जवळ ओढला. "परतफेड म्हणजे? आमचेच पैसे आम्हाला परत देतायत?"

काकांचा चेहरा पडला. इथे बरेच सल्लागार घाईने "ते नुसतं टॅक्सचं नाव आहे" म्हणून पुढे जातात. मला ते पटत नाही. समोरच्याने नेमका प्रश्न विचारलाय, तर उत्तरही नेमकं द्यायला हवं.

इमारती थेट ट्रस्टच्या नावावर क्वचितच असतात. त्या वेगवेगळ्या कंपन्यांकडे असतात आणि त्या कंपन्यांची मालकी ट्रस्टकडे. युनिट विकून आलेल्या पैशातला काही भाग ट्रस्ट या कंपन्यांना कर्जाऊ देतो. कंपनीकडे भाडं जमा होतं, पण हिशोबात इमारतीचा घसारा, म्हणजे ती जुनी होत जाते त्यापोटी धरलेला खर्च, वजा केल्यावर नफा थोडाच दिसतो. डिव्हिडंड नफ्यातूनच देता येतो. रोकड मात्र नफ्यापेक्षा जास्त असते. मग कंपनी ती वरची रोकड ट्रस्टचं कर्ज फेडण्याच्या रूपाने वर पाठवते आणि ट्रस्ट ती तुम्हाला देतो. म्हणजे पैसा आला भाड्यातूनच. तुमची वीट विकून कुणी तुमच्या हातावर ठेवलेली नाही.

पण काकूंची शंका पोकळ नव्हती. इमारत जुनी होते, लिफ्ट आणि वातानुकूलन यंत्रणा बदलावी लागते, घसारा हा खराच खर्च आहे. आणि आयकर खातं ही रक्कम विसरत नाही. एप्रिल 2023 पासून अशी परतफेड तुमच्या खरेदी किमतीतून वजा होते. वर्षाला युनिटमागे 10 रुपये आले तर 340 ची खरेदी हिशोबात 330 धरायची. विकताना नफा त्या प्रमाणात जास्त दिसणार. बारा महिन्यांनंतर विकलं तर सव्वा लाखापुढच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर. म्हणून मी काकांना प्रत्येक चिठ्ठी एका फोल्डरमध्ये जपायला सांगितलं. दहा वर्षांनी मुलाला युनिट विकायची वेळ आली, तर हे आकडे त्याने कुठून आणायचे?

मुलाने आणखी एक सांगितलं होतं, की रीटचा डिव्हिडंड करमुक्त असतो. ज्या कंपन्यांनी कंपनी कराचा सवलतीचा दर घेतलेला नाही, त्यांच्याकडून आलेल्या डिव्हिडंडपुरतं ते खरं आहे. पण मुलगा 30 टक्क्यांच्या स्लॅबमधला, त्याला त्याचा फायदा. काका-काकूंचं वेगवेगळं उत्पन्न मांडलं तर दोघांनाही एक रुपया कर लागत नव्हता. जो कर मुळात भरायचाच नाही, त्याची सूट मिळाली काय आणि न मिळाली काय. मुलाचा हेतू चांगला होता, फक्त गणित त्याच्या पगाराचं होतं.

आता भावाकडे वळू. काकांनी घरातल्या गाळ्याचा व्यवहार जवळून पाहिलेला, त्यामुळे हे त्यांना पटकन पटलं. गाळ्याची किंमत रोज कुणी सांगायला येत नव्हतं, म्हणून ती पडली की चढली हे कळत नव्हतं. युनिटची किंमत बाजार रोज सांगतो. रिझर्व्ह बँकेने मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या दराने कर्ज देते तो, 4 वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. एफडीच जास्त देऊ लागली, तेव्हा रीटसाठी लोक कमी भाव मोजू लागले. 2021 मध्ये 275 ला आलेलं ब्रुकफील्डचं युनिट 2023 मध्ये अडीचशेच्या आसपास मिळत होतं. भाडेकरूंचा प्रश्नही होता. एसईझेड म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र. तिथल्या कार्यालयांची आयकर सवलत 2020 नंतर नव्याने येणाऱ्यांना मिळेनाशी झाली. तशा इमारतींतले मजले रिकामे राहू लागले. अखेर डिसेंबर 2023 मध्ये एकेक मजला एसईझेडमधून बाहेर काढायची मुभा सरकारने दिली.

कंपन्यांचे करार बरेचदा नऊ वर्षांचे असतात आणि दर तीन वर्षांनी साधारण 15 टक्के भाडेवाढ त्यात लिहिलेली असते. लॉक-इनची, म्हणजे सोडून न जाण्याच्या बंधनाची, मुदत संपली की भाडेकरू नोटीस देऊन जाऊ शकतो, घरमालकाला मात्र त्याला काढता येत नाही. गाळ्यात एक भाडेकरू होता, इथे शेकडो आहेत, हा मोठा फरक. म्हणून मी रीटच्या विरोधात नाही. बचत योजनेचं व्याज पाच वर्षं एकाच रकमेवर थांबतं आणि औषधांची बिलं वाढत जातात. भाडेवाढीचा वाटा थोडा का होईना घरात येत राहावा, असं मला मनापासून वाटतं.

किती, हा खरा प्रश्न. आम्ही घरखर्च लिहून काढला. महिन्याला 45 हजार, त्यातले 38 हजार अटळ: किराणा, वीज, औषधं, मेडिक्लेमचा हप्ता, कामवाल्या मावशी. उरलेले सात हजार प्रवास, गावची जत्रा, नातवंडांचे वाढदिवस. काकांच्या बचत योजनेचं 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500, म्हणजे महिना 20,500. ईपीएस धरून साडेतेवीस हजार. अटळ खर्चाला साडेचौदा हजार कमी पडत होते, आणि काका ते रीटमधून भागवायला निघाले होते.

"काकूंचं खातं का नाही उघडलं?" मी विचारलं.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. ही योजना निवृत्त नोकरदारांसाठीच असते असा त्यांचा समज होता. साठ पूर्ण झालेल्या कुणालाही खातं उघडता येतं, मर्यादा प्रत्येकी 30 लाख. शिवाय गाळा काकूंच्या कमाईचा आणि त्यांच्याच नावावर होता, त्यामुळे त्याचं व्याज त्यांचंच उत्पन्न ठरणार. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशाचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात, तो प्रश्न इथे नव्हता.

आणि मला हेही बोलावंसं वाटलं, ते मी बोलले. "काका, हे 38 लाख काकूंचे आहेत. त्यांना झोप लागणार नसेल तर तिथे ते ठेवायचे नाहीत." काकूंनी काही न बोलता पाण्याचा ग्लास उचलला. काका थोड्या वेळाने म्हणाले, "बरोबर आहे. मी तिला विचारलंच नव्हतं."

ठरलं ते असं. काकूंच्या नावे 30 लाख बचत योजनेत. दोघांचं व्याज आणि ईपीएस मिळून महिना 44 हजार, अटळ खर्च त्यात भागून वर थोडे उरतात. गाळ्याचे उरलेले 8 लाख आणि जुने 9 लाख आजारपणासाठी एफडीतच, पण दोन बँकांत आणि दोघांच्या नावांत विभागून, कारण एका बँकेत एका माणसाला ठेवविम्याचं संरक्षण पाच लाखांपर्यंतच मिळतं. रीटची तीन हजार युनिट आहेत तशी ठेवायची. 305 ला घाबरून विकायचं कारण नव्हतं, त्या पैशाची घरखर्चाला गरजच उरली नव्हती. खरेदीच्या किमतीने धरली तर एकूण पुंजीच्या ती साधारण बारा टक्के होतात, माझ्या मते या जोडप्याला तेवढी पुरेत. वर्षाचे 66 हजार प्रवासाला, आणि एखाद्या वर्षी पन्नासच आले तर एक सहल कमी.

तिमाही अहवालात बघायच्या गोष्टी काकूंनीच वहीत उतरवून घेतल्या: किती टक्के जागा भरलेली, पुढच्या दोन वर्षांत किती करार संपतायत, कर्ज मालमत्तेच्या किती टक्के, आणि वितरणात परतफेडीचा वाटा किती. भावाचा रकाना त्यांनी केला नाही. तो काकांनी नंतर पेन्सिलीने वाढवला.

काही महिन्यांनी काकांचा फोन आला. कुणी तरी त्यांना लघु रीटची जाहिरात दाखवली होती. सेबीने 2024 मध्ये 50 ते 500 कोटींच्या मालमत्तांसाठी हा वेगळा प्रकार आणला, त्यात एक युनिटच किमान दहा लाखांचं. मी विचारलं, त्या योजनेत इमारती किती? एक. भाडेकरू? दोन. विकायचं म्हटलं तर रोज गिऱ्हाईक मिळेल का? याचं उत्तर जाहिरातवाल्याकडे नव्हतं. आजारपणाच्या एफडीला हात न लावता दहा लाख कुठून आणणार, हेही मी विचारलं. काकांनी तो विषय तिथेच सोडला. मार्चमध्ये दोन लाखांची एक एफडी संपतेय. त्यातले पन्नास हजार मॉलवाल्या रीटमध्ये घालावेत का, एवढ्यासाठी दोघं परत येणार आहेत, आणि या वेळी वेळ काकूंनी घेतली आहे.