कापसाच्या खोलीतला कॅमेरा

प्रश्न : माझा खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा दोन पेन्सिल सेलवर चालतो. चालू केला की लेन्स अर्धी बाहेर येते, घरघरते आणि 'लेन्स एरर' येऊन बंद पडते. दुकानात दोनदा नीट करून आणला, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. तारीखही दर वेळी पुसते. बोंडअळीच्या नुकसानीचे फोटो काढायचे आहेत. कॅमेरा वेचलेला कापूस ठेवतो त्या खोलीत खुंटीला असतो.
(एक शेतकरी, तालुका घाटंजी)

उत्तर : भाऊ, तुमच्या शेवटच्या ओळीतच दुखणं आहे. लेन्सच्या नळ्या एकात एक सरकतात, मधे केसाएवढी फट. यवतमाळात मी बरीच वर्षं असे कॅमेरे उघडले. वेचणीनंतर आलेल्यांत नळीभोवती दिव्याच्या वातीसारखा तंतूंचा पीळ सापडायचा, चिमट्यानं उलगडत काढावा लागे. नळी अडली की मोटर जोर लावते, जागेवर पोचली नाही की कॅमेरा एरर दाखवून बंद. दुकानदारानं साफ केला असेलही. पण तुम्ही तो पुन्हा त्याच खुंटीला टांगलात ना!

आधी सेल बदला. भिंतीच्या घड्याळाचे स्वस्त सेल लेन्सची मोटर फिरताना मान टाकतात आणि एरर तीच येते. चार्ज होणारे निकेलचे सेल घ्या. त्यांवर १.२ व्होल्टच लिहिलेलं असतं, पण ओझं आलं तरी ते टिकून राहतात.

तरीही अडली, तर कॅमेरा पालथा धरून फटीभोवती कोरडा मऊ ब्रश फिरवा, दाबला की हवा सोडणाऱ्या रबरी फुग्यानं हवा मारा. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. लेन्स बोटानं ओढू नका. आणि शिलाई मशीनचं तेल तर नकोच बाप्पा. एकानं घातलं होतं, काचेवर पसरलं ते पसरलंच. स्क्रूही उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, सेल काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहतो. मी एकदा खाल्लाय तो झटका, हातातला पेचकस पार पलंगाखाली गेला होता.

तारखेसाठी आत छोटी बॅटरी असते, ती बऱ्याच कॅमेऱ्यांत मुख्य सेलवरच भरते. चांगले सेल दोन दिवस आत राहू द्या, मग तारीख लावा. तरी पुसली तर ती बॅटरी संपली. मग फोटो काढायला निघताना तारीख लावायची, पंचनाम्याला भलतंच साल नको.

कॅमेरा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, दुसऱ्या खोलीत ठेवा. साफ करूनही नळी जाग्यावरच कटकट वाजत असेल, तर आतल्या प्लॅस्टिकच्या चाकाचा दाता तुटला असणार. मग तिसऱ्यांदा पैसे घालू नका.