ट्रेलर ओढायला पेट्रोल पिकअप घेताय?
जाहिरातीतला ‘13,000 पौंड ओढतो’ हा आकडा आधी डोक्यातून काढा. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवरच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर त्या गाडीचं पेलोड, म्हणजे माणसं-सामान धरून गाडी स्वतःवर किती वजन पेलू शकते ते, लिहिलेलं असतं, ते बघा. सामानासकट 7,000 पौंडांच्या ट्रेलरचा 10 ते 15 टक्के भार हिचवर (ट्रेलर जोडायच्या मागच्या जोडणीवर) येतो, म्हणजे 700 ते 1,050 पौंड, आणि तो पेलोडमधूनच जातो. वर चार माणसं, कूलर, खुद्द हिच. 1,500 पौंडांचं पेलोड बघता बघता संपतं. सनरूफवाल्या महागड्या ट्रिमचं (त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराचं) पेलोड बहुधा कमीच भरतं, आणि सेल्समन ते आपणहून सांगायचा नाही! अमेरिकेतल्या डोंगराळ कोलोरॅडोचा बेत असेल तर टर्बो, म्हणजे जास्त हवा आत कोंबणारं इंजिन, घ्या. तिथल्या आयझेनहॉवर बोगद्यापाशी, 11,000 फुटांवरच्या विरळ हवेत, बिनटर्बोच्या इंजिनाला धाप लागते. मायलेजचं तर विचारूच नका. आणि एक्सल रेशो (चाकांच्या गिअरचं प्रमाण; जितकं जास्त तितका ओढायला जोर) 3.73 मिळत असेल तर 3.31वर समाधान मानू नका.