बंदूक सासऱ्यांच्या नावावर, किल्ली कोणाकडे?

प्रश्न : आम्ही लालबागला चाळीत दहा बाय पंधराच्या खोलीत राहतो. सासरे 71 वर्षांचे, माजी सैनिक. निवृत्तीनंतर स्वतःच्या परवान्यावर दुनळी बाराबोअर घेऊन ते बँकेत सशस्त्र गार्डची नोकरी करत होते. दोन वर्षांपूर्वी ती सोडली, पण परवाना चालू आहे. बंदूक कॅनव्हासच्या पिशवीत माळ्यावर असते. काडतुसं तिथेच एका पेटीत आहेत, पेटीला कुलूप नाही. माझी मुलं 6 आणि 11 वर्षांची. गणपतीत गावाहून आलेल्या 15 वर्षांच्या पुतण्याने ती बंदूक काढून रील केली, त्यात माझा मोठा मुलगाही दिसतो. चाळ कमिटी म्हणते, बंदूक हलवा, नाहीतर पोलिसांत जाऊ. सासरे म्हणतात, रिकामी बंदूक म्हणजे काठी. मी स्वतःच ती पोलीस ठाण्यात नेऊन देऊ का? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?

उत्तर : ताई, तुम्ही स्वतः ती नेऊ नका. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 3 प्रमाणे परवाना माणसाचा असतो, कुटुंबाचा नव्हे. परवाना नसलेल्या व्यक्तीला बंदूक नेता येते ती फक्त परवानाधारक सोबत असताना किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, आणि तीही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्याच्याच वापरासाठी. सासऱ्यांच्या नकळत पिशवी उचलून ठाण्यात जाणं यात बसत नाही. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं आहे. तुमचा हेतू चांगला होता हे कोर्टाला पटवता येईल, पण त्यासाठी कोर्टापर्यंत जाण्याची काय गरज?

बंदूक सासऱ्यांच्याच हातून हलली पाहिजे, आणि पहिलं काम आज रात्रीच व्हायला हवं. मुलांना शेजारी पाठवा. सासऱ्यांनी बंदूक खाली घ्यावी. बोट चापाला लावू नये आणि नळ्यांचं तोंड जिच्या पलीकडे कोणी राहत नाही अशा बाहेरच्या भक्कम भिंतीकडे ठेवावं. चाळीत मधली भिंत, जमीन आणि छत या तिन्हीपलीकडे माणसं असतात हे विसरू नये. वरचा खटका सरकवून बंदूक मोडावी, म्हणजे नळ्या खाली झुकवून उघडावी. दोन्ही नळ्यांच्या मागच्या तोंडात आधी डोळ्यांनी बघावं, मग बोट घालून चाचपावं, कारण माळ्याच्या अंधुक उजेडात नुसत्या नजरेवर विसंबता येत नाही. मग नळ्यांखालचा लाकडी तुकडा, ज्याला दुकानदार फोर-एंड म्हणतात, तो काढावा आणि नळ्या दस्त्यापासून सोडवाव्यात. दुनळीचे असे तीन भाग हाताने, हत्याराशिवाय होतात. तीन तुकडे वेगळे असतील तोवर ती बंदूक चालवता येत नाही.

सेफ्टीच्या खटक्यावर भिस्त नको. बहुतेक दुनळ्यांत तो फक्त चाप अडवतो, आतले घोडे ताणलेलेच राहतात. जुनी, झिजलेली बंदूक माळ्यावरून फरशीवर आपटली तर चापाला हात न लागताही बार निघू शकतो. 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे जुहूच्या घरी अभिनेते गोविंदा यांच्या परवानाधारक रिव्हॉल्वरमधून गोळी सुटून त्यांच्याच पायाला लागली. तिथे तर शस्त्र सवयीच्या, सज्ञान माणसाच्या हाताशी होतं.

राहिला ‘काठी’चा मुद्दा. रिकामी बंदूक काठी असते ती काडतुसं वेगळ्या कुलपात असतील तोवरच. तुमच्या घरी दोन्ही एकाच माळ्यावर आहेत. सासऱ्यांना फौजेची आठवण करून द्या. तिथे हत्यार जवानाच्या पलंगाखाली राहत नव्हतं, कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात राहत होतं आणि सहीनिशी बाहेर निघत होतं. तोच नियम घरी पाळायचा आहे. हे त्यांच्याशी वाद घालून होणार नाही, आणि ते चुकीचे आहेत असं चारचौघांत सिद्ध करूनही होणार नाही. ज्या शिस्तीत त्यांनी उमेदीची वर्षं घालवली, तिच्याच नावाने सांगितलंत तर ते ऐकतील.

आता जबाबदारी. मुलांच्या हाती बंदूक लागू देणं या नावाचा स्वतंत्र गुन्हा आपल्या कायद्यात नाही. म्हणून कोणी जबाबदार नाही असं मात्र नव्हे. शस्त्र नियम, 2016 नुसार परवान्यासाठी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. परवान्याच्या अटी किंवा नियम मोडले तर शस्त्र अधिनियमाच्या कलम 30 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अटीभंगासाठी किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी कलम 17 खाली परवाना निलंबित वा रद्द होऊ शकतो. आणि देव न करो, बार झालाच, तर भारतीय न्याय संहिता लागते. हयगयीने मृत्यू झाल्यास कलम 106(1), पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गंभीर दुखापत झाल्यास कलम 125(ब), तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सात वर्षांखालच्या मुलाच्या कृतीला कायदा गुन्हाच मानत नाही. तुमच्या धाकट्याच्या हातून काही घडलं, तर प्रश्न मोठ्यांनाच विचारले जातील.

मोठ्यांत तुम्ही दोघं नवरा-बायकोही येता. बाल न्याय अधिनियम, 2015 चं कलम 75 मुलाचा ताबा असलेल्या प्रत्येकाला लागू होतं. मुलाला हाल सोसावे लागतील अशा धोक्यात त्याला टाकलं किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखाचा दंड, किंवा दोन्ही. रील होईपर्यंत ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असं म्हणता आलं असतं. आता नाही.

इथेच किल्लीचा प्रश्न येतो, आणि बहुतेक घरं इथेच चुकतात. घरातली सगळी कुलपं सुनेच्या ताब्यात, म्हणून बंदुकीची किल्लीही तिच्याच जुडग्यात. असं करू नका. सर्वोच्च न्यायालयाने 1972 च्या गुणवंतलाल खटल्यात सांगितलं की शस्त्र अंगावर असणं म्हणजेच ताबा नव्हे. शस्त्राची जाणीव आणि त्यावरचं नियंत्रण असलं की ताबा होतो. ज्या पेटीची किल्ली तुमच्याकडे आहे, त्या पेटीतली बंदूक कोणाच्या ताब्यात होती हा वाद तुमच्यावर उलटू शकतो. किल्ली सासऱ्यांच्या कमरेला हवी. खुंटीवर, देव्हाऱ्यात किंवा गादीखाली नको. अकरा वर्षांच्या मुलाला घरातल्या सगळ्या लपवायच्या जागा माहीत असतात. दुसरी किल्ली सासऱ्यांचा बँक लॉकर असेल तर सीलबंद पाकिटात तिथे ठेवावी.

पेटी कशी करावी ते नेमकं सांगतो. पत्र्याच्या कपाटातला आतला लॉकर उपयोगाचा नाही. नळ्या साधारण 28 ते 32 इंच लांब असतात, त्या तिथे मावत नाहीत. फॅब्रिकेटरकडून 16 गेजच्या पत्र्याची, आतून किमान 36 इंच लांब आणि 9-10 इंच रुंद उभी पेटी करून घ्या. बिजागऱ्या आतल्या बाजूला हव्यात. बाहेर असल्या तर पिन ठोकून दार निघतं. लटकतं कुलूप नको, लिव्हरचं आतलं कुलूप घ्या. पेटी चार अँकर बोल्टनी विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत आतून कसा. लाकडी पार्टिशनला किंवा माळ्याच्या फळीला ठोकलेली पेटी पेटीसकट उचलून नेता येते. काडतुसांची पेटी वेगळी, कुलूप वेगळं, जागाही वेगळी. दोन्ही कुलपं एकाच किल्लीने उघडत असतील तर दोन पेट्या केल्याचा काही उपयोग नाही.

आधी काडतुसं मोजून परवान्यावरच्या नोंदीशी आणि खरेदीच्या पावत्यांशी ताळा करा. एक जरी कमी निघालं तर पुतण्याला शांतपणे विचारा. मुलं काडतूस खेळणं म्हणून खिशात घालून शाळेतही नेतात. सापडलं नाही तर लगेच पोलीस ठाण्यात लेखी कळवावं. शस्त्र किंवा काडतूस हरवल्याची खबर देणं ही परवान्याचीच अट आहे.

मुंबईच्या पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. कॅनव्हास आणि चामडं ओल धरून ठेवतात. आत नळ्या गंजतात, काडतुसाच्या पितळी बुडावर हिरवा थर चढतो. कागदी कवचाचं काडतूस दमटपणाने फुगलं की नळीत अडकतं, आणि ते ठोकून काढताना हात जातात. नळ्यांना पातळ तेलाचा हात द्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, दोन्ही पेट्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि अधूनमधून वाळवा. फुगलेली, जुनी काडतुसं कचऱ्यात किंवा समुद्रात टाकू नका. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करून पोच घ्या.

रीलबद्दल. पुतण्या 15 वर्षांचा आहे, आणि शस्त्र अधिनियमाच्या कलम 9 प्रमाणे 21 वर्षांखालच्या व्यक्तीला बंदूक बाळगण्यास मनाई आहे. प्रशिक्षणाचा अपवाद आहे, पण घरातली रील त्यात येत नाही. अशा प्रत्येक रीलवर गुन्हा दाखल होतोच असं नाही, पण पोलिसांनी पाहिली तर परवान्यावर गदा येणं अगदी शक्य आहे. रील लोकांच्या नजरेआड करा, मात्र मूळ फाइल आणि फोन पुसू नका. चौकशी लागली आणि पुरावा मिटवलेला दिसला, तर साधी बाब गंभीर होते. ‘खेळण्यातली बंदूक होती’ असं कोणी सांगू नये. सासऱ्यांनी स्वतः ती त्याच्या हातात दिली होती का, हे मला माहीत असणं महत्त्वाचं आहे, कारण मग कलम 29 चा, म्हणजे बाळगण्याचा हक्क नसलेल्याला शस्त्र देण्याच्या गुन्ह्याचा प्रश्न येतो. आपण भेटू तेव्हा खरं ते सांगा. मुलाला चौकशीला बोलावलं तर आई-वडिलांपैकी एक आणि शक्यतो वकील सोबत असावेत. 18 वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं.

कमिटीला परवान्याची बंदूक चाळीतून काढायला लावण्याचा अधिकार नाही. मुंबईत तो विषय पोलीस आयुक्तांचा. पण त्यांची तक्रार खोटी नाही, आणि अशा तक्रारीवर कलम 17 ची कारवाई सुरू होऊ शकते. त्यांना भांडून नव्हे, लेखी उत्तर द्या : बंदूक सुटी करून कुलपात ठेवली आहे, पुढची व्यवस्था चालू आहे.

माझं स्पष्ट मत असं की नोकरीसाठी घेतलेली बंदूक नोकरी संपल्यावर या खोलीत ठेवू नये. पेटी करायची ती व्यवस्था होईपर्यंतच्या काळासाठी. सासऱ्यांनी ती शस्त्रं जमा ठेवून घेण्याचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे ठेवावी. शुल्क लागतं, पण परवाना आणि मालकी दोन्ही त्यांचीच राहतात. पावतीवर बंदुकीची बनावट, बोअर, क्रमांक आणि काडतुसांची संख्या असलीच पाहिजे. नको असेल तर अशाच विक्रेत्यामार्फत परवानगी घेऊन विकता येते. तुमच्या यजमानांना हवी असेल तर शस्त्र नियमांतल्या नियम 25 चा मार्ग खुला आहे. परवानाधारकाने सत्तरी ओलांडली किंवा शस्त्र 25 वर्षं बाळगलं, की तो हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करायला लावू शकतो. इतर वारसांची, म्हणजे तुमच्या दिराची, नणंदेची हरकत नको. यजमानांची पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण लागेल. परवाना मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी मुलं याच खोलीत वाढणार आहेत, हे अर्जाआधी दोघांनी बोलून घ्या.

मे महिन्यात सगळे गावी जाणार असाल तर बंद खोलीत बंदूक ठेवून जाऊ नका. विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करून पावती घ्या. सासऱ्यांना ती सोबत न्यायची असेल तर परवान्यावरच्या क्षेत्राच्या रकान्यात काय लिहिलंय ते आधी वाचा. मुंबईपुरता असेल तर गावी नेता येणार नाही.

सासऱ्यांचा विसर वाढत असेल, दारू असेल, किंवा रागाच्या भरात ते बंदुकीची भाषा करत असतील, तर त्यांच्या संमतीची वाट बघू नका. परवान्याला अपात्र ठरवण्याची ती कारणं होऊ शकतात. पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी अर्ज द्या, प्रत स्थानिक ठाण्याला द्या आणि दोन्हीवर पोच घ्या. धोका त्या क्षणाचा असेल तर 112.

उद्या सासरे गेले, तर त्यांच्यासोबत परवानाही संपतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे विनाविलंब बंदूक जमा करायची असते. तेराव्यापर्यंत थांबू नका. मृत्यूचा दाखला हाती आला नसला तरी ठाण्याला लेखी कळवा आणि त्यांनी येऊन बंदूक न्यावी अशी विनंती करा. जमा केल्याने वारसांचा हक्क बुडत नाही. ठरलेल्या मुदतीत परवाना मिळवून ती परत घेता येते किंवा पात्र माणसाला विकता येते. मुदत उलटली तर मात्र ती सरकारजमा होते.

भेटायला येताना परवान्याचं मूळ पुस्तक, त्यावरचा यूआयएन (विशिष्ट ओळख) क्रमांक आणि शेवटच्या नूतनीकरणाचं पान, काडतुसांच्या पावत्या आणि कमिटीचं पत्र आणा. सासऱ्यांना सोबत आणा. बंदूक आणू नका.